जॅक वर गेला, गाडी तिथेच! गाडीच्या पोटातल्या गंजाचं काय करू?

तवसाळकर | १० ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडी लाजही वाटते आहे, कारण हलगर्जीपणा माझाच.

गाडी वॅगनआर, २००७ ची, पेट्रोल, एमएच ०८. पहिल्यापासून माझ्याच हातात. एक लाख अठरा हजार किलोमीटर झाले, इंजिनाला अजून हात लावावा लागलेला नाही. २०२२ च्या जूनमध्ये पाच हजार भरून पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे २०२७ पर्यंत कागद चोख. पण गाडी राहते खाडीकाठी, आणि आठवड्यातून चार दिवस तवसाळ-जयगड फेरीबोटीने पलीकडे जाते. मोठी भरती असली की जेट्टीच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यातूनच चढतात. असे अठरा पावसाळे झाले.

परवा पलीकडे मागचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या पोराने जॅक लावला, पाच-सहा फेरे दिले आणि थांबून माझ्याकडे बघायला लागला. "काका, जॅक वर चाललाय. गाडी नाय चालली." वाकून बघतो तर जॅकचं डोकं दाराखालच्या पट्टीच्या, म्हणजे रनिंग बोर्डच्या आत घुसलेलं आणि भोकातून चहाच्या भुकटीसारखा लाल चुरा गळतोय.

घरी येऊन ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं. खालचा फेल्ट पिळला तर वाटीभर पाणी निघालं. पत्र्यावर अंगठा दाबला तर पापडासारखा मोडला आणि भोकातून अंगणातला जांभा दिसला. फेल्टखाली पाच रुपयांचं एक नाणं सापडलं. ते मात्र चकचकीत!

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "नऊ हजार. दोन दिवसांत पत्रा मारून, वर काळं कोटिंग करून देतो." रत्नागिरीतल्या एका डेंटरने अडतीस हजार आणि तीन आठवडे सांगितले, वर "उघडल्यावर काय निघेल ते मी आज सांगू शकत नाही" हेही. तिसरा म्हणाला भंगारात पंचवीस देतो, आत्ता घेऊन जातो.

फोटो टाकले आहेत. काय करू?

---

पेठेतला_पांथस्थ | १० ऑगस्ट, रात्री ९:५८

विका. पंचवीस येतायत ना? अठरा वर्षांच्या गाडीवर अडतीस हजार घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

फक्त रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिलीत तर सर्टिफिकेट मिळतं. त्यावर नवीन खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे, आणि आरटीओतलं नावही रीतसर कमी होतं. नाहीतर तुमच्या नंबरप्लेटवर कोण काय करेल सांगता येत नाही.

---

वर्षा_देवगड | १० ऑगस्ट, रात्री १०:१२

इन्शुरन्समध्ये बसतं का बघा की.

---

पेठेतला_पांथस्थ | १० ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, नाही बसत. झीज आणि गंज पॉलिसीत आधीच वगळलेले असतात.

---

पत्रा_मिरजकर | ११ ऑगस्ट, सकाळी ६:२०

तवसाळकर सर, नमस्कार. मी मिरजेत बत्तीस वर्षं डेंटिंग करतो. फोटो मोठे करून बघितले.

वॅगनआरला वेगळी चेसिस नसती. बोलेरो, सुमो असती तर खाली शिडीसारखी चेसिस आणि तिच्यावर बॉडी बसवलेली, फ्लोअर कुजला तरी गाडी पायावर उभी राहती. तुमच्या गाडीला बॉडी हीच चेसिस. दाराखाली जी पट्टी दिसती ती आतून बंद पेटी आहे, दोन-तीन पत्र्यांची, मधे पोकळी. गाडीचा कणा म्हणा. त्यामुळं गाडी किती गंजली यापेक्षा कुठं गंजली याला महत्त्व आहे.

पैशाचं ठरवायच्या आधी एक काम करा. गाडी कुणाच्या तरी पिटवर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) न्या. जॅकवर ठेवून खाली शिरू नका, तुमची जॅकची जागाच गेलेली आहे, अशानं माणसं मेलेली बघितलीत मी. लहान हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. सगळीकडं हलकं ठोकत चला. चांगला पत्रा टण् वाजतो, कुजलेला भद्द. भद्द वाजलं की स्क्रू ड्रायव्हर टोचा, आत गेला की खडूनं गोल करा.

मग गोल कुठं पडले ते बघा. फ्लोअरच्या मधे असतील तर काही बिघडत नाही, कापून नवा पत्रा बसतो. रनिंग बोर्डला असतील तर काम मोठं, पण होतं. पण मागच्या एक्सलचे आर्म जिथं बॉडीला बोल्ट होतात ती जागा, मागच्या स्प्रिंगची वाटी, पुढं एप्रनवर (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) शॉकअपच्या टोपीभोवती, सीटबेल्टचे बोल्ट... यातल्या दोन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर गाडीला नमस्कार करा. मी स्वतः असली कामं परत पाठवतो.

आणखी दोन. मागची दारं लावताना उचलून लावावी लागतात का? लागत असतील तर बॉडी मधे बसली. आणि ब्रेकचे लोखंडी पाईप बोटानं चाचपून बघा. फोड लागले तर आज गाडी चालवू नका.

नऊ हजारवाला काय करणार ते ऐका. कुजलेल्यावरच नवा पत्रा ठेवणार, चार टिपके वेल्डिंगचे, कडेनं एम-सील, वर काळं. आमच्यात त्याला मेकअप म्हणतात. पुढच्या दिवाळीला आतून सगळं गेलेलं असतं आणि बाहेरून झकास दिसतं.

---

आम्ल_आणि_अल्क | ११ ऑगस्ट, दुपारी १:०५

मिरजकर दादांच्या पोस्टला माझा हात वर. मी रंगांच्या कंपनीत गंजरोधक लेपांवर काम करते, म्हणून थोडं 'का' सांगते.

श्रावणात स्वयंपाकघरातलं मीठ बरणीत ओलं होतं ना? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे गाडीच्या पोटाला चिकटलेलं मीठ पाऊस नसतानाही, घराच्या पडवीत उभ्या गाडीतही पत्रा ओला ठेवतं. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मिठामुळे ते पाणी विजेचं चांगलं वाहक होतं आणि काम झपाट्याने चालतं. त्यावर लाल मातीचा थर बसला की ती स्पंजासारखी ओल धरते.

दुसरं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या जोडात तो एकदा शिरला की पाचर मारल्यासारखा जोड फाकवतो, फटीत आणखी पाणी जातं. पोपडे येतात ते त्यामुळेच.

बाजारात 'रस्ट कन्व्हर्टर' मिळतं. बहुतेकांत फॉस्फरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक. पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजाचा ते काळा, स्थिर थर करतं. पण पोपड्यांवर ओतलंत तर वरचा पोपडा काळा होईल आणि खालचा आपलं काम चालू ठेवेल. आणि गंजावर रबरी कोटिंग तर अजिबात नको. त्याखाली ओल कोंडली जाते आणि तुम्हाला दिसणंही बंद होतं.

---

तवसाळकर | १३ ऑगस्ट, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. काल एसटी डेपोजवळच्या एका ओळखीच्या गॅरेजच्या पिटवर दोन तास खाली होतो. डोळ्यांत चुरा गेला, बायको म्हणते आता तरी चष्मा लावा.

खडूचे गोल: ड्रायव्हरच्या पायाखाली तीन, डाव्या बाजूला एक. डावं रनिंग बोर्ड जॅकच्या जागेपासून पुढे हातभर गेलेलं. उजवं फक्त मागच्या टोकाला. एक्सलच्या आर्मच्या जागा दोन्ही टण्. स्प्रिंगच्या वाट्या वरून लाल झाल्यात पण स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही. एप्रन चांगले. सीटबेल्टचे बोल्ट चांगले. दारं एका बोटाने लागतात.

ब्रेकचा मागचा पाईप मात्र टाकीच्या वरून जातो तिथे बोटाला मोहरीएवढे फोड लागतात. गाडी उभी केली आहे. आता एसटी आणि होडी.

---

पत्रा_मिरजकर | १३ ऑगस्ट, रात्री ९:१०

मग करा. गाडी वाचती.

---

पेठेतला_पांथस्थ | १३ ऑगस्ट, रात्री ९:२२

अहो पण आर्थिकदृष्ट्या?? अडतीसचे पन्नास होणार, बघाच. त्यात सेकंडहँड ऑल्टो येईल.

---

तवसाळकर | १३ ऑगस्ट, रात्री ९:४५

येईल. पण ती कोणाच्या अंगणात, कुठल्या खाडीवर होती ते मला कसं कळणार? हिच्या खडूचे गोल मला पाठ आहेत.

---

हर्णैचा_तांडेल | १४ ऑगस्ट, पहाटे ५:०२

एवढं काय वेल्डिंग-बिल्डिंग. आमच्या बापाशीची जीप होती, दर मे महिन्यात गॅरेजमधून डबाभर जळकं ऑइल आणायचं, पंपाने खालून मारायचं आणि मग गाडी धुळीच्या रस्त्याने एकदा पळवायची. धूळ बसून चामड्यासारखा थर व्हायचा. तीस वर्षं टिकली जीप. होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात तसंच हे.

आणि लोखंडी बोटीच्या बुडाला आम्ही झिंकच्या वड्या बोल्ट करतो. झिंक खाल्लं जातं, बोट वाचते. गाडीला का नाही लावत कोणी?

---

आम्ल_आणि_अल्क | १४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

तांडेल दादा, वड्यांचा प्रश्न फार छान. बोट अख्खी समुद्रात असते, म्हणजे झिंक आणि लोखंड यांच्यामध्ये सलग पाणी असतं, त्यातून विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. गाडीवर पाण्याचे सुटे थेंब. वडी एका टोकाला आणि थेंब दुसऱ्या टोकाला, संबंध जुळतच नाही. त्यामुळे वडी फक्त आपल्या आजूबाजूचा चार बोटं पत्रा सांभाळेल. बॅटरीला जोडून गंज थांबवतो म्हणणारी इलेक्ट्रॉनिक डबी कोणी विकायला आली तरी हेच कारण सांगून परत पाठवा. पत्र्यावरच जस्ताचा मुलामा असेल तर मात्र तो काम करतो, कारण तो सगळीकडे पत्र्याला चिकटूनच असतो.

जळक्या तेलाबद्दल: तेलाचा थर पाणी अडवतो हे खरं. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचा गाळ असतो, सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी बुश त्याने फुगतात. आणि पहिल्या पावसात ते ठिबकतं ते तुमच्याच विहिरीच्या वाटेवर.

---

हर्णैचा_तांडेल | १४ ऑगस्ट, सकाळी ११:१५

जीपचे बुश आम्ही दर दोन वर्षांनी बदलायचो हे खरंय. तेव्हा वाटायचं रस्त्यामुळे.

---

लेस्टरचा_बंड्या | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ४:५०

इकडून थोडी भर. इंग्लंडात थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे जेट्टी घरी येते असं समजा. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी. तपासणारा मिरजकरांसारखाच ठोकून बघतो. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या जोडापासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. तिथे ठिगळ लावायचं तर कडेने सलग वेल्डिंग हवं, टिपके चालत नाहीत. पितळेचं ब्रेझिंग किंवा फायबरची पट्टी चिकटवलेली तर नाहीच नाही. तुमच्या डेंटरला "सलग शिवण" एवढं सांगून ठेवा.

ब्रेक पाईप बदलताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा मिळाला तर तो घ्या. इकडे सर्रास तोच टाकतात, गंजतच नाही.

---

पत्रा_मिरजकर | १४ ऑगस्ट, रात्री १०:००

बंड्याभाऊ बरोबर बोलले. तवसाळकर सर, डेंटरशी बोलताना हे विचारा. चिडला तर दुसरा बघा.

गॅसच्या ज्योतीनं वेल्डिंग करणार का सीओटूनं, म्हणजे विजेच्या मशीननं? सीओटू पाहिजे. गॅसनं पातळ पत्रा तापून वाकतो आणि बाजूचा चांगला पत्राही जळतो. पत्रा रनिंग बोर्डला १८ गेज, फ्लोअरला २० गेज (आकडा लहान तेवढा पत्रा जाड). एका वेळी एकच बाजू कापायची, आणि कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाईप टाचून घ्यायचा, नाहीतर पेटी कापली की बॉडी बसती आणि परत दार लागत नाही. कापायचं कुठवर? चकचकीत लोखंड दिसंपर्यंत. तिथं कंजुषी केली की सगळं वाया.

सीटा, कार्पेट, फेल्ट बाहेर. बॅटरी सोडायची, कॉम्प्युटरचा सॉकेट काढायचा. तुमच्या गाडीला पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, ती उतरवल्याशिवाय मागं ठिणगी पाडू द्यायची नाही. एक माणूस पाण्याची बादली घेऊन आतल्या बाजूला नुसता बघत बसलेला पाहिजे. वेल्डिंग बाहेरून चालतं आणि आग आतल्या फेल्टला लागती, वेल्डरला कळतच नाही.

---

आम्ल_आणि_अल्क | १४ ऑगस्ट, रात्री १०:३५

आणि वेल्डिंग झाल्यावर पेटीच्या आतला रंग उष्णतेने जळालेला असतो, तिथे ब्रश पोहोचत नाही. बाहेरून कितीही रंगवा, गंज तिथूनच परत येणार. त्यासाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं, लांब नळीचा फवारा. भोकातून नळी आत सरकवून मागे ओढत मारायचं. बाहेरून क्रम असा: एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, मग रंग, सगळ्यात शेवटी दगड लागू नयेत म्हणून कोटिंग. नुसत्या रेड ऑक्साईड प्रायमरवर सोडू नका, त्यातून पाणी झिरपतं.

---

तवसाळकर | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

पाच आठवड्यांनी येतो आहे. गणपतीत डेंटर आठ दिवस गावाला गेला होता, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात माझी गाडी आडव्या पाईपांसकट पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी होती. रोज रात्री स्वप्नात दार लागत नसे.

डावं रनिंग बोर्ड कापलं तेव्हा मी तिथेच होतो. ग्राइंडरने लांब चीर दिली, पक्कडीने पत्रा सोलला, आणि आतून किलोभर लाल माती पडली. ओली. वास थेट ओहोटीच्या चिखलाचा. पेटीच्या तळाला पाणी जाण्यासाठी कंपनीने भोकं ठेवलेली असतात. एका भोकात कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. बाकीची सगळी काळ्या कोटिंगने बुजलेली. २०१४ ला एका गॅरेजकडून मी हौसेने 'अंडरबॉडी कोटिंग' करून घेतलं होतं, गंजू नये म्हणून! त्यांनी भोकांवर साधा टेपही लावला नव्हता. अकरा वर्षं पेटीत पाणी शिरायचं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

फ्लोअरचं कारण वेगळंच निघालं, त्यात खाडीचा काही संबंध नाही. गाडी आंब्याखाली उभी असते. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर आणि पाला कुजून गच्च बसला होता, तिथलं पावसाचं पाणी आत झिरपून थेट माझ्या पायाखाली. म्हणजे खाऱ्या पाण्याला दोष देत बसलो आणि निम्मं काम गोड्या पाण्याने केलं.

बिल सेहेचाळीस हजार पाचशे. उजवी बाजू ठरल्यापेक्षा वीतभर जास्त कापावी लागली, टाकीचे पट्टे बदलले, ब्रेकचे दोन्ही पाईप नवीन टाकले. तांबं-निकेलचे काही मिळाले नाहीत, साधेच लोखंडी टाकले आणि त्यांच्यावर वॅक्स मारलं.

---

पेठेतला_पांथस्थ | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२१

सांगितलं होतं.

---

तवसाळकर | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२४

सांगितलं होतंत. पन्नास म्हणाला होतात, साडेतीन वाचले.

---

पत्रा_मिरजकर | २१ सप्टेंबर, रात्री ८:४०

शिवण बघितली. सलग आहे, थोडी जाड आहे, पण माणूस प्रामाणिक दिसतोय. पैसे वाया नाही गेले.

आता भोकं बघत जा. मे संपला की आणि दिवाळीआधी, सायकलचा जुना स्पोक घालून मोकळी करायची. जेट्टीवरून आलात की नळाच्या गोड्या पाण्यानं खालून धुवायचं, चाकाच्या कमानीत आतून हात फिरवायचा, तिथं माती धरती. वाळूत गाडी घालायची नाही, पाहुण्यांनी कितीही हौस केली तरी. आणि पावसात प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवू नका, आत वाफ धरती.

---

हर्णैचा_तांडेल | २२ सप्टेंबर, पहाटे ५:१०

पाहुण्यांचं बरोबर आहे. दर मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर पुण्याच्या दोन-तीन गाड्या वाळूत रुततात. आम्हीच काढतो, बैल नसले तर ट्रॅक्टरने. परत जाताना कोणी धूत नाही.

---

ओम्नीवाला_लांजा | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

धागा आत्ता वाचला. माझी ओम्नी २००३ ची. ड्रायव्हरच्या बाजूला पायाखाली कायम ओलसर लागतं. आमच्याकडे समुद्र लांब आहे, त्यामुळे गंजाचा प्रश्न नसावा. एसीचं पाणी असेल ना?

---

तवसाळकर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:४१

ओम्नीला एसी आहे?

---

ओम्नीवाला_लांजा | २२ सप्टेंबर, सकाळी ९:४४

नाही.

---

तवसाळकर | २२ सप्टेंबर, सकाळी ९:४५

कार्पेट उचला.